चार वाद्यं, दोन इफेक्ट, एक लॅपटॉप : घरच्या खोलीत जोडणी कशी करावी?

पेटीवाला_वडसा

नमस्कार मंडळी. वडशाजवळच्या एका खेड्यात राहतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकांत कीबोर्ड वाजवतो, बाकीचे महिने धानाची शेती. आमच्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या अख्ख्या पट्ट्याने दिवाळी साजरी केली. पण आमच्या मंडळाची गाणी अजून कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्येच पडून आहेत, मागे शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) गोंगाट, पुढे फाटका आवाज. या पावसाळ्यात त्यातली सहा-सात गाणी घरीच नीट रेकॉर्ड करायची असं ठरवलंय.

सामान हळूहळू जमत गेलं. रोलँडचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड (गावात त्यालाही सगळे कॅसिओच म्हणतात). ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ताल-पॅड. एका जुन्या वादकाकडून घेतलेला यामाहा डीएक्स७, तोही कीबोर्डच, पण आवाज स्वतः घडवता येणारा. भाच्याने पुण्याहून आणून दिलेला कॉर्गचा वोल्का बेस, खालच्या स्वरांचं छोटं यंत्र. इफेक्टमध्ये एक जुना रॅकचा इको आणि गिटारवाल्यांचं एक रिव्हर्ब पेडल. इको मला हवाच आहे जी. रात्री दोन वाजता स्टेजवरून हिरोईनची लावणी त्या इकोतून निघते ना, तो आवाज लॅपटॉपमधल्या कुठल्याच इकोत मला सापडला नाही.

लॅपटॉपला दोन इनपुट-दोन आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी-आणणारी पेटी) आहे, त्याला मिडीचे पाच पिनी इन-आउटही आहेत. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर.

अडचण अशी. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यूएसबीने जोडले. डीएक्स७ मिडीच्या वायरीने जोडला. वोल्का कुठे लावायचा ते कळेना. डीएक्स७ वाजवला की प्रत्येक स्वर दोनदा वाजल्यासारखा, नाकातून आल्यासारखा येतो. आणि सगळं सुरू केलं की हेडफोनमध्ये भुंग्यासारखी घूं लागते, त्यावर एक बारीक चिरचिर. माऊस हलवला की चिरचिर बदलते. काल गाणाऱ्या मुलीने माईकला ओठ लावला तर म्हणाली, दादा, झिणझिण्या येतात.

आठ इनपुटचा मोठा इंटरफेस घ्यावा का? मिक्सर घ्यावा का? पैसे मोजून-मापून आहेत. एकदाच आणि बरोबर खर्च करायचा आहे.

सिंथवेडा_पुसद

दादा, आधी मिडी समजून घेऊ, मग आवाजाकडे जाऊ. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो : अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली, आता सोडली. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून हे ठरलं. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ हे त्यामागचे दोन मुख्य जण, आणि त्यासाठी २०१३ मध्ये दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळाली. तुमचा डीएक्स७ त्याच १९८३ सालचा, आणि वोल्का त्याच्यानंतर तीस वर्षांनी आला. तरी दोघं एकाच वायरीवर बोलतात.

एका वायरीत १६ चॅनेल असतात. आकाशवाणीचं कसं, लहरी सगळीकडे पोचतात पण रेडिओ ज्या स्टेशनावर लावला तेच ऐकू येतं, तसं. डीएक्स७ला चॅनेल १ द्या, वोल्काला २, कीबोर्डला ३. डीएक्स७ला १ मुद्दाम सांगतोय, कारण तो जुना गडी बाहेर निरोप पाठवतो तो फक्त चॅनेल १ वरच. त्याला बदलायला जाऊ नका, बाकीच्यांना बदला.

वोल्काला फक्त मिडी इन आहे, म्हणून तो नेहमी रांगेत शेवटी. इंटरफेसच्या मिडी आउटमधून डीएक्स७च्या इनमध्ये, आणि डीएक्स७च्या थ्रूमधून वोल्काच्या इनमध्ये. थ्रू म्हणजे आलेला निरोप जसाच्या तसा पुढे देणारं भोक. आउट आणि थ्रू यांची गल्लत करू नका, सगळ्यात जास्त वेळ माणसं तिथेच घालवतात.

स्वर दोनदा वाजतो त्याचं कारण : तुम्ही पट्टी दाबता तेव्हा डीएक्स७ स्वतः वाजतो, शिवाय निरोप रीपरकडे जातो, आणि रीपर तोच निरोप परत डीएक्स७कडे पाठवतो. म्हणून तो पुन्हा वाजतो, सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्श्यांनी उशिरा. दोन सारखे आवाज एकमेकांवर घासले की तुम्ही म्हणता तसा नाकातला सूर येतो. वर, डीएक्स७ एका वेळी १६ स्वर वाजवतो, ते असे दुहेरी खर्च झाले तर हाती ८ उरतात. रेकॉर्ड करताना त्या ट्रॅकचा मॉनिटर (आत आलेलं लगेच परत बाहेर सोडणारं रीपरमधलं बटण) बंद ठेवा. रोलँडच्या सेटिंगमध्ये लोकल नावाचा स्विच (पट्ट्या आणि आतला आवाज जोडणारा) सापडेल, तिथे उलट करा : लोकल बंद, मॉनिटर सुरू. मग कीबोर्डच्या पट्ट्या आणि कीबोर्डचा आवाज हे दोन वेगळे होतात. रोलँडच्या पट्ट्यांवरून वोल्काही वाजवता येतो.

ताल एकाच्याच हाती द्या. लॅपटॉपला मालक करा. तो मिडी क्लॉक पाठवतो, प्रत्येक मात्रेला २४ टिचक्या, आणि वोल्का त्यावर चालतो. वोल्काही स्वतःचा ताल धरून बसला तर दोन तबलजी दोन लयींत वाजवल्यासारखं होतं. डीएक्स७ला क्लॉकशी देणंघेणं नाही.

पेटीवाला_वडसा

मॉनिटर बंद करून पाहिलं. नाकातला आवाज गेला! दोन महिने मी डीएक्स७ बिघडला समजत होतो, परत द्यायलाही निघालो होतो. फार आभार. घूं आणि चिरचिर मात्र तशीच आहे.

वायरमन_वणी

भाऊ, मी गाण्यातला माणूस नाही, कीर्तनाच्या साऊंडचं काम करतो अन् घरगुती फिटिंग करतो. माह्या मते तुमी अजून एक रुपयाही खर्च करू नका. पयले अर्थिंग पाहा.

पोरीच्या ओठाले झिणझिण्या आल्या म्हणता, ते हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉपच्या चार्जरमंदी, कीबोर्डमंदी आवाज साफ कराले बारीक कंडेन्सर असतात, ते थोडा करंट अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसन तर तो जाईन कुठी? डब्ब्याच्या लोखंडावर बसते. तुमी बोट लावलं की तुमच्यातून जाते. करंट थोडासाच असते म्हणून झिणझिण्या, पण फेजची वायर कधी आत सुटली तर त्याच रस्त्यानं पूरा करंट येईन.

गावातल्या वायरमनले बोलवा. मीटरनं फेज-न्यूट्रल अन् फेज-अर्थ दोन्ही मोजाले सांगा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे पाह्यजे. न्यूट्रल-अर्थमंदी दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर काहीतरी गडबड हाय. आपल्याकडं खेड्यात घर बांधताना खड्डा करतात, एक पाईप रोवतात, अन् मंग वीस वर्स कोणी त्याच्याकडं पाहत नाही. उन्हाळ्यात जमीन भेगाळली का पाईप कोरडा. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, भवती कोळसा अन् मीठ, वरून पाणी टाकाले फनेल, हेच जुनं काम हाय अन् हेच चालते. आरसीसीबी, म्हंजे करंट गळला का लाईन तोडणारा स्विच, ३० मिलीअँपची लावून घ्या, माणसाच्या जिवासाठी.

अन् एक गोष्ट हात जोडून सांगतो. घूं बंद होते म्हणून प्लगची तिसरी मोठी पिन कापणारे लोक मी पाह्यले हायेत. घूं बंद होते, खरं हाय. पण मंग माईक धरणाऱ्याच्या अन् फेजच्या मंदात काहीच राह्यत नाही. पिन कापू नका.

सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या. एक कीबोर्ड ह्या भिंतीवरून, लॅपटॉप त्या खोलीतून, असं केलं तर दोन्ही जागच्या अर्थमंदी फरक पडते अन् तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाहते. ५० सायकलची घूं ती तीच.

खंजिरी_मोझरी

दादा, मी गुरुकुंजाच्या परिसरात राहते, आमच्या भजनी मंडळाच्या मुलींची रेकॉर्डिंग मीच करते. माझ्याकडेही दोनच इनपुट आहेत. आठ इनपुटचा इंटरफेस तुम्हाला आत्ता नको असं माझं मत आहे.

तुमचे आवाज मोजले. कीबोर्डचे दोन, ऑक्टोपॅडचे दोन, डीएक्स७चा एक (त्याला आउटपुटच एक आहे), वोल्काचा एक, गळा एक, इकोचा परतीचा एक. आठ भरले. पण हे आठही एकाच क्षणी यायला हवेत, असं कुठे आहे? चार वादक एका खोलीत बसून एकदम वाजवणार असतील तर गोष्ट वेगळी. तुम्ही एकटे आहात, आणि सगळी वाद्यं मिडीवर आहेत.

मी असं करते. आधी फक्त मिडी रेकॉर्ड करते. निरोपच ते, त्यात घूं नाही, चिरचिर नाही. चुकलेला स्वर बोटाने उचलून जागेवर ठेवता येतो, लय कमी-जास्त करता येते. गाणं पूर्ण बसलं की मग कीबोर्डची वायर दोन इनपुटमध्ये लावायची, मिडी वाजवायची, कीबोर्ड आपोआप वाजतो, त्याचा आवाज रेकॉर्ड. मग वायर काढून डीएक्स७, मग वोल्का. एकेक वाद्य पूर्ण दोन इनपुट घेऊन येतं. एका गाण्याला चार-पाच फेऱ्या होतात, म्हणजे अर्धा तास. तुमच्याकडे पावसाळा आहे.

याचा दुसरा फायदा मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक फेरीत तुम्ही ते एकच वाद्य कान देऊन ऐकता. आमच्या एका भजनात खंजिरी आणि टाळ एकमेकांची जागा खात होते, ते मला वेगवेगळं रेकॉर्ड करतानाच कळलं. सगळं एकदम आत घेतलं असतं तर नंतर खटपट करत बसले असते.

गळा मात्र थेट गाऊनच घ्या, आणि कोरडा घ्या. इको नंतर. गायिकेला हेडफोनमध्ये थोडा इको हवा असतो, त्यासाठी रीपरमधला कुठलाही चालेल, तो रेकॉर्ड होऊ देऊ नका.

पेटीवाला_वडसा

चार दिवसांनी लिहितोय.

वायरमनदादा, तुमचं अगदी खरं निघालं. फेज-न्यूट्रल २२६ आले, फेज-अर्थ १९१. न्यूट्रल-अर्थमध्ये ३४ व्होल्ट! गोठ्यामागे अर्थिंगचा पाईप आहे हे वडिलांना आठवत होतं. खणून पाहिलं तर पाईपला जोडलेली तार गंजून तुटलेली, नुसती मातीत टेकलेली. हाताने उचलली तर भुगा झाला. नवीन पाईप, नवीन पट्टी, कोळसा-मीठ सगळं केलं, दहा बादल्या पाणी ओतलं. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट आहे. आरसीसीबीही बसवली. आईने फ्रिजला हात लावला आणि म्हणाली, आता मुंग्या येत नाहीत रे. इतकी वर्षं तिला मुंग्या येत होत्या आणि ती कुणाला बोललीच नव्हती.

घूं जवळजवळ गेली. शेतीपंपाची लाईन सुरू होते तेव्हा किंचित येते, बाकी शांत.

पण माऊसबरोबर बदलणारी चिरचिर तशीच आहे. लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते. बॅटरी मात्र पाऊण तासच चालते.

सिंथवेडा_पुसद

चार्जर काढल्यावर जाते हे सांगितलंत ते फार बरं झालं. आता गुन्हेगार दिसतो. तुमचा कीबोर्ड लॅपटॉपला दोन रस्त्यांनी जोडलेला आहे : एकदा यूएसबीने, एकदा ऑडिओच्या वायरीने इंटरफेसमधून. यूएसबीच्या वायरीत विजेची आणि जमिनीची तार असते. दोन रस्ते झाले की मोठा फास तयार होतो, आणि लॅपटॉपच्या पोटातली सगळी खळबळ, माऊस, स्क्रीन, हार्ड डिस्क, त्या फासातून फिरून ऑडिओत येते. तीच चिरचिर.

पाच पिनी मिडीत हे होत नाही. त्याच्या इनमध्ये एक ऑप्टोआयसोलेटर असतो : एका बाजूला छोटा दिवा लुकलुकतो, दुसऱ्या बाजूला डोळा तो पाहतो. मध्ये तांब्याची तार नाही. निरोप उजेडाने ओलांडतो, करंट ओलांडू शकत नाही. १९८३ मध्ये ही गोष्ट नेमाने घालून दिली म्हणून मी त्या लोकांना मनापासून मानतो.

तेव्हा कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांची यूएसबी काढा, पाच पिनी वायरीवर आणा. त्यासाठी चार इन-चार आउटची मिडी पेटी येते. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. लॅपटॉपमध्ये यूएसबीच्या दोनच वायरी जातील, एक मिडी पेटीची, एक ऑडिओ इंटरफेसची. मिडीच्या वायरी १५ मीटरपर्यंत चालतात, ऑडिओच्या मात्र तीन मीटरच्या आत ठेवा, कारण तुमच्या वाद्यांचे आउटपुट बॅलन्स्ड (वायरीत शिरलेला गोंगाट खोडणारे) नाहीत.

वेगाची काळजी करू नका. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट जाते, एक स्वर पोचायला साधारण एक मिलीसेकंद. उशीर लागतो तो ऑडिओच्या बफरला, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो त्या साठ्याला. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलीसेकंद. वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना १०२४. मे महिन्यात दुपारी तडतड आवाज आला तर वाद्यांना दोष देऊ नका. लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. आमच्याकडे मी पहाटेच काम करतो.

आता तुमचा इको. दोनच आउटपुट असल्याने तो थेट फिरवता येणार नाही, पण खंजिरीताईंच्याच पद्धतीने होईल. गळ्याचा कोरडा ट्रॅक एकटा वाजवा, स्पीकर बंद करा, इंटरफेसचा आउटपुट इकोच्या इनपुटला, इकोचा आउटपुट इंटरफेसच्या इनपुटला, आणि नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड. इकोवर मिक्सचं बटण पूर्ण ओल्या बाजूला, मूळ आवाज शून्य. नव्या ट्रॅकचा मॉनिटर बंद आहे ना हे तीनदा तपासा. सुरू राहिला तर इको स्वतःलाच इको देत सुटतो, आणि हेडफोन कानावर असतील तर कान जातात. गळ्याच्या आधी एक टाळी वाजवून ठेवा. परत आलेल्या ट्रॅकवर तिचा पहिला ठसा कुठे पडला ते मोजा, इकोची स्वतःची वेळ वजा करा आणि उरलेला उशीर मागे सरकवा.

गिटारचं पेडल लावताना आउटपुटचा आवाज बराच खाली आणा. पेडल गिटारच्या नाजूक सिग्नलसाठी केलेलं असतं, इंटरफेसचा जोरकस सिग्नल त्यात फाटतो.

संत्रापट्टा_वरूड

पेटीवाले, सगळ्यांनी छान सांगितलं आहे, मी डीएक्स७पुरतं बोलतो. १९८७ पासून माझ्याकडे एक आहे, वाद्यवृंदात वाजवला, मुलीच्या लग्नात वाजवला.

मागचा शिक्का वाचा. किती व्होल्टचा आहे? जपानहून आलेला असेल तर १०० व्होल्टचा निघू शकतो, तो आपल्या भिंतीत लावला तर संपला. तुमचा चालतोय म्हणजे आपलाच असावा, तरी वाचा.

दुसरं, आतली बॅटरी. मूळ डीएक्स७मध्ये सीआर२०३२ बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते. ती मेली की ३२ आवाज पुसले जातात. जुन्या वादकाने स्वतः घडवलेले आवाज तुमच्या यंत्रात असतील, तर ते परत कुठेच मिळणार नाहीत. म्हणून आज रात्रीच काढून ठेवा. फंक्शनमध्ये जाऊन सिस्टीम इन्फो अव्हेलेबल करा, लॅपटॉपवर सिसेक्स (वाद्याच्या आतल्या आवाजांची माहिती नेणारा मिडी निरोप) पकडणारा एखादा छोटा प्रोग्रॅम सुरू करा आणि मिडी ट्रान्समिट दाबा. ३२ आवाजांची फाईल ४,१०४ बाइटची होते आणि सव्वा सेकंदात येते. परत भरताना मेमरी प्रोटेक्ट काढावा लागतो. डाग काढून बॅटरी बदलताना तिथे बॅटरीचं घर बसवून घ्या, पुढच्या वेळी नुसती सरकवून काढता येते.

पावसात तुमच्या भागात ओल फार. वाद्यांवर प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतं. जुनं सुती धोतर टाका.

पेटीवाला_वडसा

काका, काढून ठेवले. ३२ पैकी अकरा आवाजांना त्या वादकाने नाटकांची नावं दिलेली निघाली. एकाचं नाव नुसतं "आई". लावला तर सनईसारखा, पण मागे बारीक घंटा. कुठल्या प्रवेशात वाजवत असतील कोण जाणे. ते आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, मला ऐकायला पाठवा.

मिडी पेटी आली. यूएसबी काढून पाच पिनी वायरी लावल्या आणि चार्जर लावलेला असतानाही हेडफोनमध्ये काही म्हणजे काही नाही. मी आवाज पूर्ण वाढवला तर बाहेर बेडूक ओरडत होते ते माईकमधून ऐकू आले. पहिल्या लावणीचे पाच ट्रॅक झाले, गळा कोरडा घेतला, काल इकोतून फिरवला. मुलगी ऐकून म्हणाली, दादा, हे तर आपल्या मंडपासारखं वाटतं.

"आई" पहिल्या गाण्यात घेतोय. त्या घराची परवानगी मिळाली आहे.

वायरमन_वणी

भाऊ, लय आनंद झाला. पोळा झाला का अर्थिंग एकदा परत मोजा, अन् मार्चमंदी तर नक्की. आकडा हितंच लिहा.